पिल्लू घरी येण्याआधी

कार्तिक लागला की कुत्र्या माजावर येतात, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणून पौष-माघाच्या थंडीत गल्लीच्या कोपऱ्यावर, पार्किंगमधल्या गाड्यांखाली, बांधकामाच्या वाळूच्या ढिगाआड पिल्लं दिसू लागतात आणि शाळेतून येणारी मुलं घरी हट्ट धरतात. जातिवंत पिल्लांचा बाजार तर बारा महिने चालू असतो. मोबाइलवर फोटो येतो, संध्याकाळपर्यंत पैसे पाठवून होतात आणि रविवारी पिल्लू घरात. तयारीचा विचार त्यानंतर सुरू होतो. पट्टा कुठला, वाट्या कुठल्या, नाव काय.

पिल्लाचं पुढचं बारा-तेरा वर्षांचं आयुष्य ज्यावर ठरतं ते मात्र दुकानात मिळत नाही. पिल्लाचा आठवा ते सोळावा आठवडा आपल्या घरात कसा जाणार, त्या काळात घरी कोण असणार, आणि पिल्लू वेळेवर येतंय की वेळेआधी, हे प्रश्न सुटले तर बाकीचं बरंचसं मार्गी लागतं. पशुवैद्यक, प्रशिक्षक, ब्रीडर, प्राणिमित्र संस्था आणि अनुभवी पाळणारे यांची मतं अनेक बाबतींत जुळत नाहीत. पण त्यांचे महत्त्वाचे वाद याच दोन महिन्यांभोवती फिरतात, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

आधी वय. आपल्याकडे तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात. महिन्याभराचं पिल्लू कापसाच्या गोळ्यासारखं दिसतं आणि चटकन विकलं जातं. आईचं दूध सुटल्यावर सात-आठ पिल्लांना दिवसातून चार वेळा खायला घालण्याचा खर्च वाचतो. केनेलमध्ये रोग शिरला तर सगळं वेत हातचं जाण्याची धास्तीही विकणाऱ्याला असते. घेणाऱ्यांचा समज असा की लहान आणलं तर लळा लवकर लागतो. हा समज चुकीचा आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांशी जो दंगा करतात त्यात एक मोठं शिक्षण दडलेलं असतं. भावंडाचा कान जोरात चावला की ते केकाटतं आणि खेळ मोडतो. आईला जोरात दात लावले की ती गुरकावते. दात किती लावायचा, हे पिल्लू इथे शिकतं. पाचव्या आठवड्यात घरी आलेल्या पिल्लाला हे माणसांनी शिकवावं लागतं, आणि माणसांना ते कुत्रीइतकं चांगलं जमत नाही.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतचे केंद्र सरकारचे नियम २०१७ साली आले. त्यांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. एका कुत्रीने आयुष्यात किती वेळा व्यायचं यालाही मर्यादा आहे. नोंदणीचा क्रमांक विचारला की अनेक विक्रेते केनेल क्लबचं प्रमाणपत्र पुढे करतात. त्या कागदावरून वंशावळ कळते, पिल्लाची तब्येत आणि आईचे हाल कळत नाहीत. त्यामुळे पिल्लू पाहायला गेल्यावर आधी आई दाखवा म्हणावं. ती अंगाने भरलेली आहे का, माणूस जवळ आला की दबकते का, पिल्लं ज्या जागी वाढतात ती जागा कोरडी आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. जो आई दाखवत नाही, पुलाखाली किंवा पेट्रोल पंपावर पिल्लू आणून देतो म्हणतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. दया येऊन घेतलं तरी त्याच्या पिंजऱ्यातल्या कुत्रीवर पुढचं वेत लादलं जातं.

आता त्या दोन महिन्यांच्या गाभ्याकडे. १९६१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डॅनियल फ्रीडमन, जॉन किंग आणि ऑर्व्हिल एलियट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उंच कुंपणाच्या मोकळ्या आवारात, माणसाचा सहवास न मिळू देता पिल्लं वाढवली. काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात आठवडाभर माणसांत आणलं आणि परत सोडलं. एका गटाला चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही. ही शेवटची पिल्लं जंगली जनावरांसारखी वागू लागली आणि नंतरच्या प्रयत्नांनीही फारशी माणसाळली नाहीत. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षं केलेलं काम १९६५ साली पुस्तकरूपाने आलं, त्यातही हेच चित्र पक्कं झालं. तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. या काळात जे भेटतं ते त्याच्या जगातलं होतं. जे भेटत नाही त्याची पुढे भीती वाटू शकते, आणि भ्यालेलं कुत्रं चावतं.

नेमक्या याच आठवड्यांत पिल्लू रोगांना सर्वाधिक उघडं असतं. जन्मानंतर पहिल्या दिवसाच्या चिकातून आईची प्रतिकारशक्ती पिल्लाला मिळते आणि हळूहळू ओसरते. ती कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. ती शिल्लक असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि संपल्यावर लस नसेल तर पिल्लू उघड्यावर पडतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा, ही पद्धत रूढ झाली. रेबीजची लस तीन महिन्यांनी. पहिलं इंजेक्शन झालंय, आता काळजी नको, असं ब्रीडर सांगतात ते खरं नाही.

पार्व्हो हा या वयातला सगळ्यात मोठा घातकी. १९७८ साली तो प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. उलट्या, रक्ताची हगवण आणि दोन-चार दिवसांत खेळ संपतो. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो, चपलांवरून घरात येतो आणि फिनेलने मरत नाही. फरशीसाठी पातळ केलेलं ब्लीच लागतं, म्हणजेच सोडियम हायपोक्लोराइट. ज्या घरात अलीकडे पार्व्होने पिल्लू गेलं आहे तिथे लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू आणू नये. शोकाच्या भरात लगेच दुसरं आणण्याची इच्छा होते, ती आवरावी. मुंबई-कोकणात त्यात लेप्टोची भर. उंदरांच्या मुतातून पावसाच्या पाण्यात उतरणारा हा रोग २००५च्या महापुरानंतर मुंबईने पाहिला आहे. तो कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. तिकडे पावसाळ्यात पिल्लू आणणाऱ्यांनी या लसीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावं.

यातून दोन टोकाची मतं तयार झाली. सगळ्या लसी होईपर्यंत पिल्लू दाराबाहेर नेऊच नका, असं आपल्याकडचे अनेक डॉक्टर सांगत आले. पार्व्होने मेलेली पिल्लं त्यांनी टेबलावर पाहिलेली असतात, म्हणून त्यांच्या सल्ल्याला वजन आहे. दुसरीकडे वर्तनाचा अभ्यास करणारे म्हणतात की चार महिने घरात कोंडलेलं पिल्लू रोगातून वाचतं आणि मग भित्रं, भुंकरं, चावरं म्हणून घराबाहेर काढलं जातं. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेची भूमिका अशी की पहिली लस आणि जंताचं औषध होऊन आठवडा गेला की स्वच्छ जागी, निरोगी कुत्र्यांसोबत पिल्लाला मिसळू द्यावं. आपल्या रस्त्यांवर लस न झालेली कुत्री पुष्कळ आहेत, त्यामुळे हा सल्ला इथे जसाच्या तसा चालणार नाही. माझ्या मते आपल्यासाठी मधला मार्ग आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही. पिल्लाचे पाय रस्त्याला लावू नयेत, पण डोळे, कान आणि नाक मात्र रोज बाहेर न्यावेत.

म्हणजे कडेवर घेऊन अर्धा तास फाटकाशी उभं राहायचं. भाजीची गाडी, शाळेची बस, हेल्मेट घातलेला माणूस, गणवेशातला वॉचमन, छत्री, काठी टेकत येणारे आजोबा, बुरख्यातली बाई, धावणारी मुलं हे सगळं त्याला लांबून दिसू द्यायचं आणि दिसताना तोंडात एखादा दाणा द्यायचा. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, आरतीच्या झांजा कानावर पडू द्यायच्या, आधी दुसऱ्या खोलीतून, मग जवळून. ढोल-ताशाचं आणि फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावून त्या वेळी खायला द्यायचं. माणसाला जास्तीत जास्त वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला चाळीस हजारांच्या वरचा. गणपती आणि दिवाळी त्याच्या वाट्याला किती येते याची कल्पना यावरून करावी. लस झालेलं शांत, मोठं कुत्रं कुणा नातेवाइकाकडे असेल तर त्याच्याशी भेट घडवावी. एक मात्र पाळायलाच हवं. पिल्लू मागे सरत असेल तर पुढे ढकलायचं नाही. सवय लावताना धसका बसला तर सगळंच उलटं होतं.

हे सारं करायला घरात माणूस लागतो. दोघंही सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतणार असतील, तर आठ आठवड्यांचं पिल्लू त्या घरासाठी नाही, असं मी स्पष्टच म्हणेन. एवढं पिल्लू दोन-तीन तासांच्या वर लघवी रोखू शकत नाही. ते दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, पण उरलेल्या चार-सहा तासांत त्याला कुणीतरी हवं असतं. अशा घरांनी दीड-दोन वर्षांचं, शांत स्वभावाचं कुत्रं दत्तक घ्यावं. शहरांतल्या निवाऱ्यांत ती वाट पाहत असतात आणि पिल्लांच्या गर्दीत त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

माणसांची दुसरी बाजू संमतीची. मुलांनी हट्ट धरला, बाबांनी पिल्लू आणलं आणि सगळं आईच्या अंगावर पडलं, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. आजी-आजोबा घरात असतील तर देवघर आणि स्वयंपाकघर यांचा प्रश्न आधी बोलून घ्यावा. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या आजींना कुत्रं नको असतं असं नाही. त्यांना त्यांच्या ओट्याची आणि देवांची हमी हवी असते. लहान मुलांच्या फाटकासारखं लाकडी फाटक स्वयंपाकघराच्या दारात लावलं की निम्मा वाद मिटतो, आणि पुढे बहुतेक घरांत पिल्लू दुपारभर आजींच्याच पायाशी झोपतं. कामाला येणाऱ्या मावशींना तर कुणी विचारतच नाही. त्या कुत्र्याला भीत असतील, तर त्यांच्या येण्याच्या वेळी पिल्लू कुठे राहील हे ठरवणं आपलं काम आहे. ती त्यांची रोजी आहे. रेबीजच्या लसीचं कार्ड शेजाऱ्यांना आणि मावशींना आपणहून दाखवावं.

सोसायटीचं भय घालून घेऊ नये आणि तिला गृहीतही धरू नये. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. पण कुत्र्यामागची घाण उचलणं आणि आवारात पट्टा लावणं हे आपण पाळलं तरच तो हक्क शेजाऱ्यांच्या तोंडावर बोलून दाखवता येतो. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांचा कुत्र्यासाठी परवाना असतो, तोही काढावा.

जात कुठली, यावर घरोघरी सर्वांत जास्त बोललं जातं, आणि उत्तर बहुतेकदा एखाद्या जाहिरातीतून आलेलं असतं. २००३च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे पग धावला आणि देशभर पगची मागणी वाढली. चपट्या नाकाच्या या कुत्र्याला नीट श्वासही घेता येत नाही. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं, त्यामुळे आपला उन्हाळा त्याच्या जिवावर बेततो. सैबेरियाच्या बर्फातला हस्की नागपूरच्या मे महिन्यात चोवीस तास एसीत ठेवावा लागतो, आणि दिवसाला मैलोन्मैल धावायला जन्मलेलं ते जनावर दोन खोल्यांत वेडावतं. लॅब्रेडॉर आपल्या घरांत रुळला आहे, पण त्याच्या आई-बापांच्या खुब्याच्या सांध्यांची चौकशी करावी. मराठवाडा आणि सीमेपलीकडचा मुधोळ भाग यांच्या मातीतला कारवान हा देखणा, काटक कुत्रा. त्याला टपालखात्याने २००५ साली तिकिटावर मान दिला. पण तो शिकारी धावपटू आहे. रोज मोकळं रान देता येत असेल तरच त्याचा विचार करावा.

आणि आपलं गावठी पिल्लू. इथल्या उन्हात, पावसात तावूनसुलाखून निघालेलं, कमी केसांचं, चलाख. फ्लॅटमध्ये ते राहणार नाही असं म्हणतात, पण वेळेवर आणलेलं गावठी पिल्लू उत्तम राहतं. रस्त्यावरचं पिल्लू एकटं दिसलं म्हणून लगेच उचलू नये. आई बहुधा खाण्याच्या शोधात गेलेली असते. काही तास लांबून पाहावं. आई असेल तर तिला खायला घालावं, पिल्लांना दोन महिने तिच्याजवळ राहू द्यावं, मग एक घरी न्यावं. सवड काढून त्या आईची नसबंदीही करून घ्यावी.

खाण्याबद्दल आपल्या घरांत ठाम समजुती आहेत. दूध-पोळी ही त्यांतली पहिली. गाईच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात आणि त्या वयात जुलाबाने पिल्लू पटकन सुकतं. पोळी-भाकरीत विष नाही. २०१३ साली ‘नेचर’मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवण्याची ताकद कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी वाढली आहे, आणि आपल्या गावोगावची कुत्री शतकानुशतकं भाकरीवर जगली तीही याच बळावर. पण वाढत्या पिल्लाला प्रथिनं लागतात. अंडं, चिकन, मासे किंवा पिल्लांसाठी बनवलेलं तयार खाणं, यांतलं काहीतरी रोज पोटात जायला हवं. शाकाहारी घरांनी याचा विचार पिल्लू आणण्याआधी करावा. पहिला आठवडा ब्रीडरकडचं खाणंच चालू ठेवून ते हळूहळू बदलावं. दोन महिन्यांच्या पिल्लाला चार वेळा, सहाव्या महिन्यानंतर दोन वेळा.

कॅल्शियमच्या औषधाचं वेड तर थांबायलाच हवं. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं मजबूत व्हावीत म्हणून बाटल्याच्या बाटल्या पाजल्या जातात. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम नाकारू शकत नाही. ते शोषलं जातं आणि पाय वाकडे होतात. संतुलित खाणं चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थेंबही देऊ नये.

आपल्या स्वयंपाकघरातले सगळे धोके परदेशी यादीत सापडत नाहीत. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लावर अलीकडे संशय आहे, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. म्हणून उरलेली आमटी किंवा भेळ नको. कांदा-लसूण रक्त बिघडवतात, म्हणजे आपली जवळजवळ प्रत्येक भाजी बाद. चॉकलेट, बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल, शिजवलेली हाडं हेही नको. ताप आला म्हणून घरातली क्रोसिन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी कधीही देऊ नये.

घरभर एकदा गुडघ्यांवर रांगत फिरावं. चार्जरच्या वायरी, कपाटाखालच्या डांबरगोळ्या, माळ्यावरचं उंदीर मारायचं औषध, बाल्कनीच्या गजांमधली फट, कुंडीतली कण्हेर आणि सायकस हे सगळं पिल्लाच्या उंचीवरूनच दिसतं. गुळगुळीत फरशीवर पाय फाकून घसरणाऱ्या पिल्लाच्या सांध्यांवर ताण येतो. योगासनांच्या जुन्या चटया अंथराव्यात. खरेदी थोडी पुरते. दोन वाट्या, हलका पट्टा, चावायला दोन-तीन खेळणी, भरपूर रद्दी, आणि शिरून बसता येईल असा पिंजरा किंवा खोका. महागडी गादी पक्के दात येईपर्यंत नको, ती फाडली जाणार आहे. जवळच्या आणि रात्री उघड्या असणाऱ्या पशुवैद्यकाचा फोन नंबर मात्र पिल्लू येण्याआधीच भिंतीवर लावावा.

पहिल्या रात्री पिल्लू रडणार. त्याने जन्मात एकटं झोपलेलं नाही. रडू द्या, सवय होईल, असं जुने लोक सांगत, पण आता बहुतेक जाणकार ते मानत नाहीत. आईच्या वासाचं फडकं आणावं, खोका आपल्या अंथरुणाशेजारी ठेवावा, हात खाली सोडावा. उठल्याबरोबर, खाल्ल्यावर, खेळल्यावर ठरलेल्या जागी न्यावं आणि शी-शू झाल्यावर तिथल्या तिथे शाबासकी द्यावी. घाणीत नाक घासण्याने ते लपून करायला शिकतं. कुत्र्याला आपण मालक आहोत हे दाखवून द्यावं लागतं, हा समज रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली कोंडलेल्या लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांतून पसरला. तो लोकप्रिय करणाऱ्यांपैकी डेव्हिड मेक यांनीच पुढे मोकळ्या रानातले लांडगे पाहून तो मागे घेतला आणि आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून प्रकाशकाकडे आग्रह धरला. आपल्याकडे काही प्रशिक्षक अजूनही पिल्लाला उताणं पाडून दाबतात. अशा माणसाच्या हाती पिल्लू देऊ नये.

पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात आणि ओरखडे उठतातच. रस्त्यावरून आणलेल्या किंवा लस न झालेल्या पिल्लाने दात लावला तर ‘एवढंसं तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक भारतात होतात.

या हंगामात पिल्लू आणायचं ठरवत असाल तर घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून पुढच्या दोन महिन्यांचं वेळापत्रक कागदावर लिहा. सकाळी सहाला कोण उठणार, दुपारी कोण थांबणार, लसीच्या तारखांना कोण नेणार, सुट्टीत गावी गेलात तर ते कुणाकडे राहणार. एकही रकाना रिकामा राहिला तर थांबा. आणि पिल्लू आठ आठवड्यांचं झालेलं नसेल, तर कितीही गोंडस असलं तरी त्याला आईजवळ ठेवून या आणि तारीख ठरवून पुन्हा जा.